दोन काठांमधले गाव

कॅनडातील सेंट लॉरेन्स ही नदी माँट्रियल शहर सोडून ईशान्येकडे निघाली, की साधारण ऐंशी किलोमीटरांवर तिचा वेग एकाएकी मंदावतो. पुढे सेंट पीटरचे सरोवर लागते. सरोवर म्हणायचे ते नावापुरते. खरे तर नदीच पसरट होऊन तिथे विसावली आहे. पाण्याची सरासरी खोली जेमतेम तीन मीटर. या सरोवराच्या तोंडाशी नदीने शतकानुशतके आणून टाकलेल्या गाळाची शंभरावर बेटे झाली आहेत. काही मोठी, शेती आणि घरे अंगावर वागवणारी; काही नुसती गवताची आणि लव्हाळ्याची, वसंतात पाण्याखाली जाणारी आणि उन्हाळ्यात पुन्हा डोके वर काढणारी. उत्तर काठावर बेर्तिए हे गाव, दक्षिण काठावर रिशलिए नदीच्या मुखाशी सोरेल हे शहर, आणि मध्ये ही बेटे.

या बेटांपैकी द्युपा नावाचे बेट आणि त्याच्या अवतीभवतीची लहान बेटे मिळून एक स्वतंत्र नगरपालिका आहे. तिचे नाव तिच्या लोकसंख्येच्या मानाने बरेच लांब आहे : ला व्हिजितास्याँ-द-लील-द्युपा. गर्भवती मरियेने आपल्या नात्यातल्या एलिझाबेथची भेट घेतली, त्या ख्रिस्ती सणावरून पहिला भाग आला. दुसरा भाग आला बेटाच्या पहिल्या जहागीरदारावरून. वस्ती सहाशेच्या घरात. आपल्याकडे याला कुणी नगरपालिका म्हणणार नाही, वाडी म्हणतील. पण तिथे निवडून आलेला नगराध्यक्ष आहे, सहा सभासदांची सभा आहे, आणि या सभेचे सारे कामकाज फ्रेंच भाषेत चालते. ज्या खंडात इंग्रजी बोलणाऱ्यांची संख्या तीस कोटींच्या पुढे आहे, त्या उत्तर अमेरिकेत नदीच्या मधोमध सहाशे माणसे गटाराचा, पुलाचा आणि घरपट्टीचा ठराव फ्रेंचमध्ये लिहितात. आणि इंग्रज राज्य येऊन अडीचशेहून अधिक वर्षे झाली तरी लिहितात.

हे कसे घडले, हा या लेखाचा प्रश्न. आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला तो प्रश्न मुद्दाम समजावून सांगावा लागत नाही. भाषेचा प्रश्न सभागृहातल्या भाषणात जेवढा असतो, त्याहून अधिक तो जमिनीच्या उताऱ्यात, शाळेच्या दाखल्यात आणि दुकानाच्या पाटीवर असतो, हे आपल्याला घरबसल्या ठाऊक आहे. द्युपा बेटाच्या इतिहासात हीच गोष्ट लहान आकारात आणि म्हणूनच स्पष्ट दिसते.

नदीला लागून पट्ट्या

फ्रेंचांनी सेंट लॉरेन्सच्या खोऱ्यात वसाहत केली तेव्हा नदी हाच एक रस्ता होता. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून घसरगाडी. त्यामुळे प्रत्येक कुटुंबाला नदीचा काठ हवा होता. जमिनीची वाटणी त्याच हिशेबाने झाली : काठाला तीनेक आर्पाँ रुंदी, म्हणजे सुमारे पावणेदोनशे मीटर, आणि मागे रानात दीड-दोन किलोमीटर लांबी. आजही विमानातून पाहिले तर हा सारा प्रदेश कुणीतरी फणी फिरवल्यासारखा दिसतो. घरे सगळी काठावर, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. बेटांवर मागची लांबी कमी पडे, पण रचना तीच.

१६७२ साली राजाचा दिवाण झाँ तालाँ याने नदीकाठच्या जहागिऱ्या झपाट्याने वाटल्या. त्यातच हे बेट पिएर द्युपा याच्या वाट्याला आले. जहागीरदाराने कुळे आणून वसवायची, पाणचक्की बांधायची. कुळांनी दरसाल खंड द्यायचा, धान्य त्याच्याच चक्कीवर दळायचे आणि दळणातला चौदावा हिस्सा सोडायचा, थोडी वेठही करायची. चर्चला धान्याचा सव्विसावा भाग. युरोपातल्या सरंजामशाहीच्या मानाने हा भार सौम्य होता, पण भारच होता. व्यवहार पॅरिसच्या रूढ कायद्याप्रमाणे चाले. वाटणीपत्र, खरेदीखत, लग्नाचा करार आणि मृत्युपत्र ही सारी कागदपत्रे नोटरी करी, आणि तो ती फ्रेंचमध्ये करी. नोटरी हा या इतिहासातला एक मुख्य नायक आहे हे पुढे कळेल. दुसरा नायक म्हणजे चर्चची नोंदवही. जन्म, लग्न, मरण यांची नोंद पाद्री दोन प्रतींत लिही. एक देवळात राही, दुसरी न्यायालयात जाई. द्युपा बेटावर असे स्वतंत्र धर्मक्षेत्र अठराव्या शतकाच्या आरंभीच उभे राहिले.

१७०१ साली माँट्रियलला फ्रेंच आणि अनेक मूलनिवासी राष्ट्रे यांच्यात मोठा तह झाला, तोवर या बेटांवर राहणे जिवावरचे काम होते. रिशलिए नदी म्हणजे इरोक्वा योद्ध्यांची वाट, आणि तिचे मुख समोरच. तहानंतर शेती स्थिरावली आणि कुटुंबे वाढू लागली.

गायींच्या बेटावरचा संसार

जहागिरी पुढे दांदोनो घराण्याकडे आली. या घराण्यातील मारी-आन दांदोनो हिचे लग्न १७१२ साली पिएर गोतिए द ला व्हेरांद्री या तरुण अधिकाऱ्याशी झाले. फ्रान्समध्ये माल्प्लाकेच्या लढाईत १७०९ साली तो जबर जखमी झाला होता आणि हात हलवीत मायदेशी परतला होता. मारी-आनने हुंड्यात दोन हजार लीव्र आणि या बेटांवरची थोडी जमीन आणली. जोडप्याने शेजारच्या ‘इल ओ व्हाश’वर, म्हणजे गायींच्या बेटावर, संसार मांडला. त्यांचा थोरला मुलगा झाँ-बातीस्त १७१३ साली द्युपा बेटावर जन्मला.

पंधराएक वर्षे शेती आणि थोडा कातड्यांचा व्यापार केल्यावर या माणसाला पश्चिमेच्या समुद्राने झपाटले. खंडाच्या पलीकडे कुठेतरी समुद्र आहे आणि तिकडे जाणारी नदी आहे, असे मूलनिवासी सांगत. १७३१ साली तीन मुलगे, एक भाचा आणि पन्नासएक माणसे घेऊन तो माँट्रियलहून निघाला. दूर पश्चिमेच्या सरोवरांवर आणि गवताळ मैदानांत त्याने ठाण्यांची साखळी उभारली. इकडे त्याच्या नावचे मुखत्यारपत्र मारी-आनकडे होते. माल पाठवणे, सावकारांना थोपवणे, कागदांवर सह्या करणे हे सारे ती पाहत होती. १७३६ साली झाँ-बातीस्त, एक जेझुइट पाद्री आणि एकोणीस सोबती लेक ऑफ द वुड्समधील एका बेटावर मारले गेले. चार वर्षांनी, १७४० मध्ये, मारी-आनही गेली. नवरा तेव्हाही दूर होता.

१७४३ साली तिचे दुसरे दोन मुलगे आजच्या दक्षिण डाकोटा राज्यापर्यंत पोचले. तिथे त्यांनी फ्रान्सच्या राजाच्या नावाने शिशाचा एक पत्रा टेकडीत पुरला. १७० वर्षांनी, १९१३ मध्ये, फोर्ट पिएर गावात काही शाळकरी मुलांना खेळता खेळता तो सापडला. समोरच्या बाजूस ठोकलेली लॅटिन अक्षरे आहेत, राजाची आणि अधिकाऱ्यांची. मागे सुरीच्या टोकाने ओरखडलेली फ्रेंच अक्षरे आणि बरोबरच्या माणसांची नावे. आज दक्षिण डाकोटात फ्रेंच बोलणारा सहसा भेटणार नाही. पराक्रम खंडाच्या मध्यापर्यंत गेला, भाषा मात्र तिथे राहिली नाही. ती राहिली जिथे मारी-आनसारख्यांची शेते, खाती आणि नोंदी होत्या तिथे.

काठ बदलले

१७५९ मध्ये क्वेबेक शहर पडले. १७६०च्या ऑगस्टमध्ये जनरल मरी इंग्रज गलबते घेऊन याच बेटांमधून माँट्रियलकडे वर चढला. सोरेलच्या लोकांनी शस्त्रे खाली ठेवली नाहीत म्हणून त्याने तिथली घरे जाळली. बेटांवरून तो धूर दिसलाच असणार. सप्टेंबरात माँट्रियल शरण आले, आणि १७६३च्या पॅरिसच्या तहाने सारी वसाहत इंग्रजांची झाली. त्या वेळी तिथे सुमारे सत्तर हजार फ्रेंच होते. अधिकारी आणि मोठे व्यापारी यांपैकी पुष्कळजण फ्रान्सला परतले. शेतकरी कुठे जाणार?

थोड्याच वर्षांत बेटांच्या दोन्ही काठांवर इंग्रजी बोलणारे आले. उत्तरेची बेर्तिए जहागिरी १७६५ साली जेम्स कथबर्ट या स्कॉटिश अधिकाऱ्याने विकत घेतली; १७८६ मध्ये त्याने तिथे प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिर बांधले, ते आजही उभे आहे. दक्षिणेची सोरेल जहागिरी १७८१ साली सरकारनेच घेतली. तिथे छावणी पडली, अमेरिकन क्रांतीतून पळून आलेले राजनिष्ठ वसवले गेले, रस्ते काटकोनात आखले गेले. १७८७ साली राजपुत्र विल्यम हेन्री तिथे येऊन गेला, तर गावाचे नावच विल्यम हेन्री झाले, आणि ते पुढे अनेक दशके कागदोपत्री राहिले. आजूबाजूचे लोक मात्र सोरेलच म्हणत राहिले. शेवटी कागदालाच माघार घ्यावी लागली.

मग बेटावरची भाषा कशी टिकली? ‘लोकांच्या अभिमानामुळे’ हे उत्तर सोपे आहे, आणि त्यात तथ्यही आहे. पण अभिमानाला उभे राहायला जागा लागते. ती जागा १७७४च्या क्वेबेक कायद्याने दिली. दक्षिणेकडच्या तेरा वसाहती धुमसत होत्या. फ्रेंच प्रजा शांत राहावी म्हणून लंडनच्या पार्लमेंटने फ्रेंच दिवाणी कायदा आणि कॅथलिक चर्चचा धान्यहिस्सा परत मान्य केला. भाषेविषयी त्या कायद्यात एक अक्षर नव्हते. पण जमिनीचा कायदा फ्रेंच राहिला म्हणून नोटरी फ्रेंच राहिला. चर्च राहिले म्हणून नोंदवही फ्रेंच राहिली. शेतकऱ्याला आपली जमीन मुलाच्या नावावर करायला परकी भाषा शिकावी लागली नाही. द्युपा बेटावरच्या साध्या माणसाच्या आयुष्यात राज्य बदलल्याची खूण लागण्याचे प्रसंग फार थोडे होते, आणि त्याची भाषा वाचली ती या थोडेपणात.

याची किंमतही होती. सारे काही चर्चच्या हाती गेले : शाळा, इस्पितळ, गरिबांची सोय, लग्न, मरण. पाद्री हा भाषेचा रखवालदार झाला, आणि रखवालदार घराची किल्ली स्वतःकडे ठेवतो. मोठी कुटुंबे हे धर्मकर्तव्य ठरले. दहा-बारा मुलांची आई ही नवलाची गोष्ट नव्हती. क्वेबेकच्या स्त्रियांना प्रांतिक मताधिकार १९४० साली मिळाला, आणि सक्तीचे शिक्षण १९४३ साली आले. दोन्ही गोष्टींत हा प्रांत कॅनडात शेवटच्यांपैकी होता. भाषा जपली याचा हिशेब मांडताना हा खर्च वहीत लिहायलाच हवा.

इतिहास नसलेले लोक

१८३७ साली फ्रेंच वस्तीत बंड झाले. जबाबदार राज्यपद्धती हवी, ही मूळ मागणी. नोव्हेंबरच्या एका पावसाळी रात्री कर्नल गोरची फौज सोरेलच्याच छावणीतून रिशलिएच्या काठाने निघाली, आणि साँ-दनीला बंडखोरांनी तिला मागे रेटले. दोन दिवसांनी साँ-शार्लला बंडखोर मोडले गेले. चौकशीसाठी आलेल्या लॉर्ड डरमने १८३९च्या अहवालात या लोकांना इतिहासही नाही आणि साहित्यही नाही असा अभिप्राय दिला, आणि त्यांना इंग्रजीत मिसळून टाकणे हाच उपाय सुचवला. त्यावर फ्रांस्वा-झाव्हिए गार्नो या नोटरीने कॅनडाचा इतिहास लिहायला घेतला. पहिला खंड १८४५ साली निघाला. उत्तर देणारा इतिहासकारही नोटरीच निघावा, यात आश्चर्य नाही.

१८४०च्या एकीकरण कायद्याने विधिमंडळाचे दप्तर फक्त इंग्रजीत ठेवण्याचा हुकूम केला. १८४२ मध्ये लुई-इपोलित ला फोंतेन सभागृहात उभा राहिला आणि फ्रेंचमध्येच बोलला. १८४८ साली ते कलम रद्द झाले. १८५४ मध्ये जहागिऱ्या संपल्या, तरी जहागीरदारांच्या वारसांना शेतकऱ्यांकडून वार्षिक रक्कम १९४० पर्यंत मिळत राहिली! याच शतकाच्या मध्याला गावोगाव नगरपालिका आल्या. चर्चच्या हद्दी हीच बहुधा त्यांची हद्द, आणि चर्चच्या पायरीवर जे बोलले जाई तेच आता सभेच्या इतिवृत्तात उतरले.

पण जमीन वाढत नव्हती. पट्टीचे तुकडे किती पाडणार? १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनडियन अमेरिकेत गेले. लोवेल, मँचेस्टर, वूनसॉकेट, फॉल रिव्हर इथल्या कापड गिरण्यांत. बेटांच्या परिसरातली गावेही याला अपवाद नव्हती. तिथे त्यांनी आपली चर्चे बांधली, आपल्या शाळा काढल्या, वर्तमानपत्रे चालवली. भाषेवर प्रेम कमी नव्हते. लोवेलला १९२२ साली जन्मलेला जॅक केरुआक, जो पुढे अमेरिकन कादंबरीकार म्हणून गाजला, तो शाळेत जाईपर्यंत फ्रेंचच बोलत होता. तरीही तिसऱ्या-चौथ्या पिढीत त्या शहरांत फ्रेंच म्हणजे आजीची भाषा झाली. तेच लोक, तोच धर्म, तेच आडनाव. गिरणीची भाषा मात्र इंग्रजी, नगरपालिकेची इंग्रजी, न्यायालयाची इंग्रजी. द्युपा आणि लोवेल ही दोन गावे शेजारी ठेवून पाहिली, की भाषा कशाने टिकते हे वेगळे सांगावे लागत नाही.

नदीचे देणे आणि घेणे

बेटावरचा माणूस भाषेचा विचार क्वचित करतो. पाण्याचा रोज करतो. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ फुटते, पाणी चढते. १८६५च्या एप्रिलमध्ये पूर आलेला असताना त्यावर वादळ उठले आणि या द्वीपसमूहात घरे वाहून गेली, अनेक माणसे बुडाली. २०१७च्या वसंतातही रस्ते आणि घरे पाण्याखाली गेली. पण हेच पाणी ओसरताना गाळ ठेवून जाते, आणि त्या गाळावर उत्तम गवत येते. म्हणून या द्वीपसमूहात सामाईक गायराने आहेत. सखल बेटे कुणा एकाची नव्हेत. उन्हाळ्यात पडावांतून गुरे तिकडे न्यायची, शरदात परत आणायची. कुणाची किती गुरे, कुंपण कुणी घालायचे, याचे नियम सभेत ठरत. स्थानिक स्वराज्याचे पहिले धडे लोकांनी गुरांच्या निमित्ताने गिरवले.

पाण्याने मासेही दिले, बदकेही. सोरेलची ‘जिब्लॉत’ नावाची मासे-भाज्यांची आमटी प्रसिद्ध आहे. पण या सरोवरातला पिवळा पर्च मासा इतका घटला की २०१२ साली त्याच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली. काठावरच्या गवताळ जागी नांगर फिरला, खते-औषधे पाण्यात उतरली, माशांची अंडी घालायची ठिकाणे गेली. दुसरीकडे जहाजांसाठी नदीचा तळ १८४४ पासून खणला जातो आहे. आज समुद्रगामी जहाजे माँट्रियलपर्यंत जातात. वाहत्या पाण्याने मुख्य पात्रातच राहावे म्हणून १९३०च्या सुमारास बेटांमध्ये बंधारे घातले गेले. जहाजांच्या लाटांनी बेटांचे काठ ढासळतात. म्हणून २००० पासून या भागात जहाजे आपण होऊन वेग कमी करतात. त्याच वर्षी युनेस्कोने सरोवराला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला.

या बेटांना साहित्यात आणले जर्मेन गेव्हरमाँ या बाईंनी. त्या सोरेलला राहत, वृत्तपत्रात लिहीत. १९४५ सालची त्यांची ‘ल सुर्व्हनाँ’ ही कादंबरी सोरेलच्या बाजूच्या बेटांवर घडते. एका शेतकऱ्याच्या दारात एक अनोळखी माणूस येतो, वर्षभर राहतो, सगळ्यांना अस्वस्थ करतो आणि निघून जातो. स्वतःत मिटून राहिलेल्या गावाला बाहेरच्या जगाची ओढ आणि धास्ती एकदमच कशी वाटते, ते त्यात आहे.

बाहेरचे जग सोरेलच्या गोदीतूनही आले. दुसऱ्या महायुद्धात तिथे जहाजे आणि तोफा बनत, आसपासच्या गावांतले हजारो हात कामाला लागले. पण क्वेबेकच्या कारखान्यांत त्या काळी वरची भाषा इंग्रजी असे. यंत्राच्या भागांची नावे इंग्रजी, पाळीला ‘शिफ्ट’, मुकादमाला ‘फोरमन’, कामालाही ‘जॉब’. १९६० साली झाँ-पोल देबिआँ या धर्मबंधूने टोपणनावाने एक पुस्तक लिहून असे म्हटले की ही मोडकी बोली हे आमच्या दुय्यमपणाचे लक्षण आहे. त्या पुस्तकाच्या लाखावर प्रती खपल्या. शेतावर ताठ उभी असलेली भाषा कारखान्याच्या फाटकाशी मान खाली घालत होती. नोटरी आणि नोंदवही तिथे पुरे पडत नव्हते.

पाटी, शाळा आणि कामाची भाषा

१९६० नंतर क्वेबेक वेगाने बदलले. शिक्षण चर्चकडून सरकारकडे आले, १९६४ मध्ये शिक्षण मंत्रालय निघाले. कॅनडाच्या टपाल तिकिटांवर दोन्ही भाषा १९२७ मध्ये आल्या होत्या, नोटांवर १९३०च्या दशकात. दोन्ही भाषांना संघराज्याच्या कारभारात समान दर्जा १९६९ साली मिळाला. आणि २६ ऑगस्ट १९७७ रोजी क्वेबेकने फ्रेंच भाषेची सनद मंजूर केली, जी ‘कायदा १०१’ म्हणून ओळखली जाते. सरकार, काम, व्यापार आणि शाळा यांची सामान्य भाषा फ्रेंच. बाहेरून येणाऱ्यांची मुले फ्रेंच शाळेत.

या कायद्याने इंग्रजीभाषकांना दुखावले, हेही खरे. पिढ्यान्‌पिढ्या माँट्रियलला राहणारे कित्येक लोक प्रांत सोडून गेले. पाट्यांवर फक्त फ्रेंच हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली अमान्य केला. बऱ्याच भांडणानंतर १९९३ मध्ये तडजोड झाली : दुसरी भाषा चालेल, पण फ्रेंच ठळक हवी. २०२२ साली नियम पुन्हा कडक झाले आणि वादही पुन्हा पेटला. वेगळे व्हावे का, यावर १९८० आणि १९९५ साली सार्वमत झाले. दुसऱ्या वेळी ‘नाही’ला ५०.५८ टक्के मते मिळाली, ‘हो’ला ४९.४२. एका घरातच दोन मते पडली असतील.

द्युपासारख्या गावात या कायद्याने वरवर काही बदलले नाही. तिथे पाट्या फ्रेंचच होत्या. पण तिथल्या मुलाला मोठ्या शहरात, कारखान्यात, बँकेत आपल्या भाषेत वर चढता येऊ लागले, आणि हा बदल मोठा होता. गावात भाषा जिवंत असते. पण शहरात तिला भविष्य नसेल, तर गावातला बापच मुलाला दुसऱ्या भाषेकडे ढकलतो. त्यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही.

आणि या भाषेचे रूपही तिचे स्वतःचे आहे. फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या लाल फलकावर ‘स्टॉप’ लिहितात, क्वेबेकमध्ये ‘आरे’. पॅरिसचा माणूस ‘वीकएंड’ म्हणतो, इथला ‘फँ द स्मेन’. आणि नदी तर बोलण्यात सर्वत्र आहे : मोटारीत बसायचे म्हणजे ‘आंबार्के’, जणू होडीत चढायचे. पॅरिसचे लोक या उच्चारांना हसतात. मायभूमीपासून दूर राहिलेल्या प्रत्येक भाषिक समाजाला हे हसू ओळखीचे असते. घरापासून तुटलेले लोक जुने शब्द जपून ठेवतात, आणि घरातलेच लोक त्यांना गावंढळ म्हणतात.

सरोवराच्या पलीकडची भाषा

इथवरची गोष्ट टिकलेल्या भाषेची झाली. पण सरोवराच्या दक्षिण बाजूला ओदनाक आणि वोलिनाक ही अबेनाकी लोकांची गावे आहेत. फ्रेंचांचे ते मित्र; इंग्रजांविरुद्ध बरोबरीने लढलेले. द्युपाच्या माणसांना होडीची, बर्फावर चालायच्या जाळीदार बुटांची, मेपलच्या रसाची ओळख अशा शेजाऱ्यांकडूनच झाली. त्यांची भाषा मात्र आज अगदी मोजक्या ओठांवर उरली आहे. त्यांची जमीन कुणाच्या नोटरीने त्यांच्या भाषेत लिहिली नाही, त्यांच्या मुलांच्या शाळा त्यांच्या भाषेत नव्हत्या. ओदनाकचा प्रमुख जोसेफ लॉरँ याने १८८४ साली अबेनाकी आणि इंग्रजी संभाषणांचे पुस्तक छापले. आपली भाषा कागदावर यावी ही तळमळ त्यात दिसते. २०११ मध्ये ओदनाकला मूलनिवासींसाठी कियुना महाविद्यालय सुरू झाले आणि तिथे जुने शब्द पुन्हा शिकवले जात आहेत.

फ्रेंच लोक इंग्रजीच्या लोंढ्यात अल्पसंख्य, आणि अबेनाकींच्या उंबरठ्यावर तेच लोंढा. सीमेवर राहणाऱ्याला हे दुहेरी चित्र पचवणे अवघड जाते. पण इतिहास एकाच काठावरून पाहिला तर नदी दिसत नाही.

आज द्युपा बेटावर पुलावरून मोटारीने जाता येते. शेजारच्या साँ-इन्यासहून सोरेलला फेरीबोट जाते. तरुण शिकायला बाहेर पडतात, सुटीची घरे वाढली आहेत, शेते कमी हातांत एकवटली आहेत. १९९४ च्या जानेवारीपासून जन्म-मृत्यूची अधिकृत नोंद चर्चच्या वहीतून सरकारी कार्यालयाकडे गेली. तीन शतकांची ती परंपरा त्या दिवशी संपली. त्या जुन्या वह्या आता वंशवृक्ष शोधणारे लोक चाळतात. त्यांत अमेरिकेतून येणारेही पुष्कळ असतात. आजोबांचे गाव शोधत आलेल्या त्या नातवंडांना नोंदीतले आडनाव ओळखता येते, तारीख लावता येते. पण आडनावापुढच्या दोन ओळी त्यांना बेटावरचे कुणीतरी वाचून दाखवते.